कूलरसमोरचा पित्तर

दारव्ह्याच्या त्या गल्लीत उन्हाळ्यात घड्याळ पाहायची गरज पडत नसे. विमलताईंच्या घरची खिडकी धाडकन लागली की समजायचं, सकाळचे नऊ वाजले. मग दुसरी खिडकी, मग मागचं दार, मग त्या दाराच्या फटीला गुंडाळलेलं पोतं आणि शेवटी पुढच्या दाराची कडी. संध्याकाळी सहा वाजेपर्यंत त्या घरात शिरायला उन्हाला सुईच्या अग्राएवढी जागा मिळत नसे.

ही शिस्त त्यांना सासऱ्यांनी लावली होती. विमलताईंचं लग्न ऐन मे महिन्यातलं. दुसऱ्याच दिवशी दुपारी त्या परसातून पाण्याची बादली घेऊन आत आल्या आणि हात भरलेले म्हणून दार तसंच राहिलं. आतून दौलतरावांचा आवाज आला, "सूनबाई, दार लाव. उन्हाले काय आवतन देलं काय?" नव्या नवरीला सासऱ्यानं बोललेलं ते पहिलं वाक्य. त्यानंतर दौलतराव सव्वीस उन्हाळे जगले आणि प्रत्येक उन्हाळ्यात रोज ते वाक्य बोलले. ते देवाघरी गेल्यावर घरात पोकळी नको म्हणून की काय, विमलताई स्वतःच ते बोलू लागल्या. एकतीस वर्षं त्यांनी अंगणवाडी चालवली. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं 'अ' शिकायच्या आधी 'दार लाव' शिकत.

दौलतरावांचं चुकत होतं असं नाही. तेव्हा घर मातीच्या भिंतींचं होतं, वर कवेलू म्हणजे मातीची कौलं होती. नऊला घर बंद केलं की भिंतींनी रात्रीचा गारवा दुपारपर्यंत धरून ठेवायचा. पुढे विटा आल्या, स्लॅब पडला, आणि विमलताई रिटायर झाल्या त्या साली पुढच्या खिडकीत कूलर आला. घर बदललं, नियम मात्र तोच राहिला.

त्या कूलरची सेवा पाहावी तर विमलताईंकडं. दुसऱ्याच्या घरी दुभत्या म्हशीलाही तेवढी मिळत नसेल. पाडवा झाला की कूलर धुऊन पुसून, हळदकुंकू लावून, मगच बटन दाबायचं. दर साली कूलरच्या तिन्ही बाजूंच्या ताट्यांमधलं गवत नवं. चौथ्या दिवशी टाकी रिकामी करून नारळाच्या शेंडीनं घासायची, क्षार बसले असतील तिथं लिंबाची फोड फिरवायची. वरच्या नळीतून पाणी तिन्ही ताट्यांवर सारखं पडतं की नाही ते रोज बोट लावून पाहायचं, आणि छिद्र बुजलं असेल तर जळून उरलेल्या उदबत्तीच्या काडीनं मोकळं करायचं. आधी पंप, दहा मिनिटांनी गवत चिंब झालं की पंखा. कूलरच्या पाठीवर ऊन येऊ नये म्हणून बाहेर बांबूचा तट्टा बांधलेला, तोही हवा अडणार नाही असा दोन हात लांब. नाव ठेवायला कुठं जागा नव्हती.

आणि तरी त्या घरात बसवत नव्हतं. पहिली पंधरा मिनिटं काश्मीर. मग हळूहळू हवा जड व्हायची, कपडे अंगाला चिकटायचे, आणि अर्ध्या तासात माणूस ढोकळ्यासारखा फुगून यायचा. डब्यातलं मीठ ओलं, पापड सादळलेले, काडेपेटीतल्या चार काड्या ओढाव्या तेव्हा देवाजवळ दिवा लागे. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कडा तर वाळवणातल्या खारोडीसारख्या वळल्या होत्या.

"आपल्या घरी बारा महिन्यात दोन पावसाळे असतात," घनश्यामराव म्हणत. घनश्यामराव म्हणजे विमलताईंचे यजमान, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. बाकी ते फारसं बोलत नसत. तेहतीस वर्षं गाडीत बोलून झालं होतं.

अश्वजित मिस्त्रीला त्या उन्हाळ्यात तीनदा बोलावणं गेलं. पन्नाशीचा, शांत माणूस. तिसऱ्या वेळी त्यानं कूलर उघडलासुद्धा नाही.

"मावशी, कूलरले काहीच झालं नाही. घराचा दम कोंडला. मागचं दार उघडा."

"भर दुपारी?"

"भर दुपारीच."

"तू पंप पाहाले आला का माह्यं घर तापवाले आला?"

"हा एसी नाही, मावशी. एसी घरातलीच हवा फिरवते, म्हणून त्याले दार लावा लागते. हा बाहेरची कोरडी हवा ओढते, पाण्यातून काढते न आत ढकलते. आतली ओली हवा बाहेर गेलीच नाही, तं नवी शिरन कुठून?"

"न दारातून ऊन आत येईन, ते?"

"आतून हवा बाहेर जाऊन राह्यली का बाहेरची आत येत नाही. त्यातून तुमचं मागचं दार निंबाच्या सावलीत."

घनश्यामरावांनी पेपर बाजूला ठेवला. "विमल, हेच तं मी जिंदगीभर बोंबलून सांगतलं. उतरणाऱ्याले आधी उतरू द्या, मंग चढा."

"तुमची यष्टी वेगळी, माह्यं घर वेगळं."

"यष्टी भरली राहे तरी तुह्या घरापक्षा थंडी राहे."

विमलताईंनी शेवटचं पान टाकलं. "मामंजी काय म्हणत?"

तिथं वाद संपला. जिवंत माणसाशी वाद घालता येतो. गेलेल्या माणसाशी घालता येत नाही, कारण तो आपला एक शब्दही मागं घेत नाही. अश्वजित चहा पिऊन, कपाळाचा घाम पुसून निघून गेला.

तोपर्यंत अक्षय तृतीया बावीस दिवसांवर आली होती, आणि विमलताईंचा खरा घोर तो होता.

आपल्याकडे त्या दिवशी पितरांना जेवू घालतात. पाण्यानं भरलेला मातीचा करा मांडायचा, पुरणपोळी, कढी, वडे, कुरडया, चिंचेचं गोड चिंचवणी असा स्वयंपाक करायचा, आणि घरातल्या गेलेल्या माणसाच्या जागी कुणा वडीलधाऱ्याला पाटावर बसवायचं. त्यालाच पित्तर म्हणायचं. पाटावर बसल्यापासून उठेपर्यंत तो माणूस तो नसतो, आपला गेलेला माणूस असतो. तो जेवून तृप्त उठला की वरचे तृप्त. तो उठल्याशिवाय घरच्यांनी घास घ्यायचा नाही.

विमलताईंच्या घरचे पित्तर अकरा वर्षांपासून बबनराव. वय एकोणऐंशी. दौलतरावांच्या बाजूला बसून त्यांनी चाळीस वर्षं भजनात टाळ वाजवले होते. तसंच धोतर, तशाच मिशा, विमलताईंना हाक मारायची तऱ्हाही तीच. त्या दिवशी विमलताई डोक्यावर पदर घेऊन त्यांना मामंजी म्हणत, आणि बबनरावही पाटावर बसले की दौलतरावांसारखे भुवया चढवून विचारत, "मिर्ची कुठं आहे, सूनबाई?"

पण मागच्या वर्षी घात झाला. बंद घर, चालू कूलर, चुलीवरून उतरलेली पोळी. दुसरी पोळी अर्धी झाली आणि बबनराव "जीव घाबरून राह्यला" म्हणत उठले. उठले ते थेट गल्लीतल्या निंबाखाली जाऊन बसले. समोरच्या सुखीबाईंनी त्यांच्या डोक्यावर गडवाभर पाणी ओतलं, आणि तेवढ्यावर न थांबता चार घरी जाऊन सांगितलं, "विमलताईचा पित्तर उपाशी उठला वं."

ते वाक्य विमलताईंच्या काळजात रुतलं. त्यानंतर वर्षभर जे जे वाईट झालं, त्यांनी त्या अर्ध्या पोळीच्या नावावर टाकलं. मिक्सर जळाला. परसात लावलेली पपई नर निघाली. घनश्यामरावांचा पुढचा दात पडला.

"दात तं पडनारच होता," घनश्यामराव म्हणाले. "पासष्टी उलटली."

"पण याच वर्षी काहून पडला?"

घनश्यामरावांनी बोलायला तोंड उघडलं, पण दाताच्या फटीतून नुसती हवा गेली.

यंदा विमलताई आवतन द्यायला गेल्या तेव्हा बबनराव ओट्यावर बसून होते. त्यांना पाहताच त्यांनी पोटावर हात ठेवला.

"यंदा पोटाचं बरं नाही, सूनबाई."

"अजून बावीस दिवस आहेत, बाबाजी."

"तवापर्यंत बरं होईन असं वाटत नाही."

विमलताई जाग्यावरून हलल्या नाहीत. नवं गवत भरलं म्हणाल्या, कूलर तुमच्या तोंडावरच सोडते म्हणाल्या, आणि शेवटी डोळ्याला पदर लावला. बबनराव विरघळले. "येतो. पण दहा मिनटं. अन् जीव घाबरला का उठीन, आधीच सांगून ठेवतो."

घरी येऊन त्या देव्हाऱ्यासमोर बसल्या. मोठं काही मागायची त्यांना सवय नव्हती. "मारुतीराया," त्या म्हणाल्या, "बाबाजीचा तेवढा घाम आवर. पाच शनिवार दिवा लावीन."

सणाच्या दिवशी सकाळी दहालाच अंगणातल्या हांड्याला हात लावता येत नव्हता. विमलताईंनी पहाटे चारला उठून स्वयंपाक केला. घर नऊला बंद झालं, फटीत पोतं गेलं. कूलरच्या टाकीत बर्फाच्या दोन लाद्या पडल्या. अश्वजितनं मागंच सांगितलं होतं की बर्फानं काही होत नाही, गार होते ते पाणी उडून गेल्यानं. पण त्यांनी वर वाळ्याचं अत्तरही टाकलं, देवाला आणि कूलरला एकाच बाटलीतून.

बाराला बबनराव आले. डोक्यावर ओला दुपट्टा, बंडीच्या दोन्ही खिशांत ऊन लागू नये म्हणून एकेक कांदा. एरवी माणूस एकच ठेवतो. दुसरा आपल्या घरातल्या उकाड्यासाठी, हे विमलताई समजल्या.

त्यांनी बबनरावांचे पाय धुतले, गंध लावलं, पाटावर बसवलं आणि कूलरचा पंखा सोडला. समोर दौलतरावांच्या नावाचा करा, त्याच्यावर आंबा. बाजूला वाटीत गवरीचा निखारा. पानातला पहिला घास त्याच्यावर टाकायचा असतो, आगारी म्हणतात तिला. तिचा धूर वर गेला की पितरांना पोचलं.

"बसा, मामंजी. सुरू करा."

बबनरावांनी सुरुवात केली. पहिली पोळी बरी गेली. काश्मीरची पंधरा मिनिटं अजून सरायची होती. दुसरी पोळी वाढेपर्यंत सरली. कपाळावरचं गंध हळूच ओघळून नाकावर आलं. विमलताईंनी घाईनं राहून गेलेली आगारी टाकली. तूप निखाऱ्यावर चुरचुरलं आणि धूर उठला. पण तो वर जाईना. पित्तराच्या डोक्याभोवती एक फेरी घेऊन, कूलरनं ढकलला तसा भिंतीला जाऊन लागला, तिथून परत आला आणि बबनरावांच्या पानावर येऊन बसला. बबनराव खोकले. पुन्हा खोकले. डोळे पुसले.

घनश्यामराव कोपऱ्यातून बघत होते. "आतले उतरू नाही राह्यले," ते हळूच पुटपुटले.

दुसरी पोळी अर्धी झाली होती. नेमकी तेवढीच. बबनरावांनी दाराकडे पाहिलं. त्यांचा डावा हात गुडघ्यावर गेला. म्हातारा माणूस उठायच्या आधी जसा ठेवतो, तसा.

मिक्सर, पपई, दात, सगळं एका रांगेत विमलताईंच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. आणि त्यातच त्यांना आठवलं की घाईघाईत कावळ्याचा घास राहिला. पित्तर जेवतो तेव्हा परसात कावळ्यालाही वाढलेलं असावं लागतं. पित्तर घाबरला तो त्यामुळंच, दुसरं काही नाही.

"मामंजी, एकच मिनिट. कावळ्याचं राह्यलं. उठू नका."

एका हातात पान, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. स्वयंपाकघरातून धावत जाऊन त्यांनी पायानं पोतं सरकवलं, कोपरानं कडी पाडली, खांद्यानं दार लोटलं आणि परसात गेल्या. हात भरलेले म्हणून दार तसंच राहिलं.

आत कूलरचा आवाज बदलला. मघापासून तो ओझं उचलणाऱ्या हमालासारखा कण्हत होता, तो एकदम मोकळा झाला. बबनरावांच्या डोक्यावरचा धूर थबकला, वळला, आणि कुणी हाक मारल्यासारखा सरळ एका रेषेत स्वयंपाकघरातून मागच्या दाराकडे निघाला. त्याच्या मागोमाग ओली गार झुळूक बबनरावांच्या अंगावरून गेली. गुडघ्यावरचा हात परत पानाकडे आला.

विमलताई घास ठेवून मागं वळल्या तर दारातून धूर बाहेर येत होता आणि निंबाच्या फांद्यांतून वर चालला होता. क्षणभर त्यांचे हात आपोआप जुळले. मग पायाला बाहेरची झळ लागली, आणि चव्वेचाळीस वर्षांची सवय जागी झाली. आत पाऊल टाकल्याबरोबर त्यांनी दार ओढलं.

"सूनबाई."

त्या थांबल्या. आवाज बैठकीतून आला होता. खडा, जरासा घोगरा.

"दार लावू नको."

बबनराव बोलले हे त्यांना कळत होतं. पण बबनराव पाटावर होते. पाटावरचा माणूस कोण असतो हे त्यांनीच अकरा वर्षं जगाला सांगितलं होतं. ज्यांनी सव्वीस उन्हाळे दार लाव म्हटलं, त्यांनीच आज लावू नको म्हटलं. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"बरं, मामंजी," त्या म्हणाल्या, आणि दाराला वीट लावली.

"अन् कढी आण. अन् मिर्ची कुठं आहे?"

त्या दिवशी पित्तर पाच पोळ्या जेवला. सात वडे, दोन वाट्या चिंचवणी. खिशातला एक कांदा काढून तोही बुक्कीनं फोडून खाल्ला. पान चाटूनपुसून झालं आणि विमलताईंनी सुटकेचा श्वास टाकला. आता हात धुऊन, विडा घेऊन ते उठले की वर्षाचा घोर मिटला.

बबनराव उठले नाहीत. "थोडी पाठ टेकतो," म्हणाले, पाट डोक्याखाली घेतला आणि कूलरसमोर आडवे झाले. दोन मिनिटांत घोरू लागले.

एक वाजला. दीड वाजला. विमलताई आणि घनश्यामराव स्वयंपाकघरात झाकलेल्या भांड्यांसमोर बसून होते.

"पाट अजून सुटला नाही," विमलताई म्हणाल्या.

"डोक्याखाली आहे."

"म्हणजे अजून पित्तरच ना."

"मंग आपण जेवायचं कवा?"

"उठल्यावर."

अडीचला सुखीबाईंनी परसाकडून येऊन मागच्या उघड्या दारातून डोकावलं. मागच्या वर्षीचा अनुभव असल्यानं हातात पाण्याचा गडवा होता. "काहून वं विमलताई, पित्तर उठला का?"

"नाही उठला."

"अजून?"

"पाच पोळ्या जेवून झोपला," विमलताईंनी पोळ्यांचा आकडा गल्लीला ऐकू जाईल असा सांगितला. सुखीबाई जरा वेळ कूलरच्या झुळकीत उभ्या राहिल्या, मग आत येऊन भिंतीला टेकून बसल्या. गडवा तसाच भरलेला.

तीनला घनश्यामराव म्हणाले, "हलवून पाहू का?"

"पित्तराले कोणी हलवते काय?"

"मागच्या साली पित्तर उपाशी, यंदा आपण." दात नसलेल्या फटीतून त्यांनी लांब श्वास सोडला. "माह्या गाडीत असता तं केव्हाच घंटी मारून उतरवला असता."

साडेचारला बबनराव उठून बसले. इकडेतिकडे पाहिलं, मिशा सारख्या केल्या आणि विचारलं, "चिंचवणी उरलं का?" विमलताईंनी त्यांना उरलेलं दिलं, विडा दिला, पाया पडल्या, दारापर्यंत सोडलं. मगच घरात ताटं वाढली गेली. जेवताना विमलताईंच्या लक्षात आलं की पापड कुरकुरीत आहे. त्यांनी तो नवऱ्याला दाखवला. घनश्यामरावांचं तोंड भरलेलं होतं, त्यांनी नुसती मान हलवली.

चार दिवसांनी अश्वजित परसाच्या बाजूनं जाताना उघडं मागचं दार बघून थांबला. पोतं गायब, वीट लावून दार हातभर उघडं, घर थंडगार.

"आखरीले माह्यं ऐकलं म्हणा, मावशी."

"तुह्यं काहून?" विमलताई म्हणाल्या. "मामंजीनं सांगतलं."

अश्वजितनं घनश्यामरावांकडे पाहिलं. त्यांनी पेपर वर धरला.

तेव्हापासून विमलताई गल्लीत ज्याच्या त्याच्या घरी जाऊन कूलरच्या समोरच्या अंगाचं दार किंवा खिडकी उघडायला लावतात. किती उघडायचं तेही सांगतात. एकदम सताड नाही, उदबत्ती लावून बघायचं, धूर घुटमळत असेल तर अजून थोडं, सरळ जात असेल तर बस. लोक ऐकतात. मिस्त्रीचं न ऐकणारेसुद्धा दौलतरावांचं ऐकतात. पाच शनिवार मारुतीला दिवाही लागला, पहिल्या काडीत.

बबनरावांचं मात्र एक झालं. पुढच्याच आठवड्यात ते भर दुपारी उशी काखेत घेऊन हजर.

"आज पित्तर म्हणून नाही आलो, सूनबाई. बबन म्हणून आलो."

"या ना, बाबाजी," विमलताई म्हणाल्या आणि कूलरसमोर चटई टाकली. बबनराव उशी सारखी करून आडवे झाले. पण म्हातारपण, आत येताना पुढचं दार लोटायचं राहून गेलं होतं, आणि गल्लीतलं ऊन उंबऱ्यावरून थेट चटईपर्यंत आलं.

पाटावरच्या माणसावर रागावता येत नाही. चटईवरच्यावर येतं.

"बाबाजी," विमलताई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "दार लावा. उन्हाले काय आवतन देलं काय?"